तालुक्याचा पेपर म्हणजे रद्दी? जरा इस्लामपूर आणि तरवडीचं ऐका

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : मराठी पत्रकारिता घडली ती पुण्या-मुंबईत. तालुक्याची साप्ताहिकं त्यांची नक्कल. ती सत्तेसमोर कधी उभी राहिली नाहीत, नोटिसा आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवर जगली. आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, ती बंद पडली तरी कुणाचं अडत नाही. मला हे वाचून राग आला, म्हणून लिहितो आहे.

आधी नकलेचं बघू. ‘दर्पण’ 1832 साली मुंबईत निघालं, हे मान्य. पण ‘केसरी’ निघाला 1881 साली. त्याआधीच साताऱ्यात ‘शुभसूचक’ (1858), बेळगावात ‘बेळगाव समाचार’ (1863) आणि ठाण्यात ‘अरुणोदय’ (1866) सुरू झाले होते. जे अजून जन्मालाच आलं नव्हतं, त्याची नक्कल कशी होणार?

सत्तेसमोर उभं राहण्याची गोष्ट तर इस्लामपूरला जाऊन सांगावी. 1897 साली टिळकांना राजद्रोहासाठी 18 महिन्यांची शिक्षा झाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ने कॅनडाच्या निमित्ताने स्वातंत्र्याच्या तयारीवर लेख छापला. साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने संपादकाला जन्मठेप, काळं पाणी ठोठावलं. हायकोर्टाने पुढे ती शिक्षा पुष्कळ कमी केली, तरी तुरुंग टळला नाही. वाईच्या ‘मोदवृत्त’वरही त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांमागे सगळा देश उभा होता. या माणसांमागे कोण होतं? त्यांचं गाव, एवढंच.

आणि मला सगळ्यांत जवळचं उदाहरण म्हणजे तरवडी. नेवासे तालुक्यातलं हे साधं खेडं. मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं आणि 1967 साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते चालवलं. सत्तावन्न वर्षं! ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू करणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे ते चिरंजीव. शहरात जाऊन पत्र काढणं त्यांना अवघड नव्हतं. पण सावकाराचा कागद, कुलकर्ण्याचं दप्तर आणि लग्नाकार्यात भटजीला द्यायची दक्षिणा, या गोष्टी जिथे रोज घडत होत्या तिथेच बसून त्यांनी सत्यशोधक विचार मांडला. ज्या शेतकऱ्याबद्दल लिहायचं, तो शेजारच्या बांधावर. चुकीचं छापलं तर सकाळी दारात येऊन जाब विचारणारा. संपादकावर याहून कडक पहारा मला माहीत नाही.

नोटिसांचा आरोप अर्धा खरा आहे. नुसत्या जाहिरातींसाठी मोजके अंक छापून फाइल भरणारी पत्रं होती आणि आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण जाहीर नोटीस ही काही फालतू गोष्ट नव्हे. ‘खालील वर्णनाची मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास 15 दिवसांत कळवावे.’ सासरी गेलेल्या बहिणीला भाऊ वडिलोपार्जित जमीन परस्पर विकतोय हे कळायचा हाच एक रस्ता असू शकतो. नोटिशीचा तो चौकोन तिच्या तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या पेपरात हवा, राजधानीच्या पेपरात छापून तिला काय उपयोग?

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. 1867 च्या कायद्यापासून छापील पत्रावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव असावंच लागतं. ‘हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’ ही शेवटच्या पानावरची बारीक ओळ आठवते ना? तिच्याच जोरावर सरकारने इस्लामपूरच्या माणसाला कोर्टात खेचलं, आणि तिच्याच जोरावर गावकरीही संपादकाला धरू शकत होते. मला आलेल्या त्या मजकुराखाली मी नाव शोधलं. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ एवढंच होतं.