अमको आज कोणाचो?

आमच्या तिठ्यावर सकाळी भाजी-पाव खायला बसलं की कुठल्या तरी आमदाराचं नाव घेऊन हा प्रश्न, म्हणजे 'अमका आज कोणत्या पक्षाचा?', हमखास येतो. विचारणारा हसतो, ऐकणारे हसतात, तेवढ्यात चहा येतो. हसू नये तर काय करावं? जानेवारी २०२२ मध्ये, विधानसभा निवडणुकीआधी, गोव्यात काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा, तिन्हीकडे जाऊन शपथ घेतली की फुटणार नाही. ११ निवडून आले. सप्टेंबरात त्यातले ८ भाजपमध्ये. आठच का, तर दोन तृतीयांश भरले की कायद्याच्या लेखी ते पक्षांतर राहत नाही, विलीनीकरण होतं. २०१९ ला १५ पैकी १० गेले, तेही मोजून दोन तृतीयांश. गणित कच्चं म्हणायची सोय नाही.

पण आज मला आमदारांबद्दल नाही, खासदारांबद्दल बोलायचंय. ते फुटत नाहीत म्हणून आपण त्यांच्याकडे बघतही नाही.

माझ्या मामाचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, म्हादई नदीच्या काठी आहे. सत्तरी तालुक्यात अजून काही जण नदीच्या पात्रात पुरण शेती करतात. पाऊस ओसरला की पात्रातच बांध घालून भात लावायचं. पाणी किती वर आहे हे मामाला मोजपट्टीने सांगता येणार नाही. तो एका काळ्या दगडाकडे बोट दाखवतो, "हा दिसू लागला की समजायचं." म्हादईच्या पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादईचं पाणी वळवायच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मंजुरीही दिली. तेव्हा गोव्यातला प्रत्येक पक्ष चिडला. खरोखरच चिडला, नाटक नव्हतं. पण तेच दोन मोठे पक्ष बेळगाव-धारवाडकडे गेले की कळसा-भांडुरा झालाच पाहिजे म्हणतात. आणि म्हणणारच. कर्नाटकात लोकसभेच्या २८ जागा, आपल्या २. दिल्लीत बसलेल्या माणसाने २८ सोडून २ का धरावे?

आपला खासदार चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. उत्तर गोव्याचा असो वा दक्षिणेचा, तो ज्या पक्षाचा आहे त्या पक्षाचं पोट कर्नाटकात आहे. सभागृहात मतदानाला व्हिप, म्हणजे पक्षाचा हुकूम, निघाला आणि तो मोडला, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. म्हणजे आठ जणांनी मिळून पक्ष बदलला तर चालतो, पण एकट्याने पक्षात राहून आपल्या नदीसाठी वेगळं मत दिलं तर चालत नाही! हा कायदा पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

म्हणून मला अपक्ष खासदार हवा. अपक्षाला व्हिप नाही. निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर त्याची जागा जाते, दोन तृतीयांशांची पळवाटही त्याला नाही.

"मग २०२२ चे तीन अपक्ष आमदार?" विचाराच. तिघांनीही निकाल लागल्यावर लगेच सरकारला पाठिंबा दिला. कबूल. पण ४० च्या विधानसभेत एकेक डोकं सोन्याच्या भावाने जातं. लोकसभेत ५४३ आहेत. तिथे एरवी एका अपक्षाला विकत घ्यायची गरज कोणालाच पडत नाही. हीच त्याची सगळ्यात मोठी लायकी, असं मी म्हटल्यावर तिठ्यावर दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. चर्चेत वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो, अपक्षाच्या वाट्याला दोन-चार मिनिटं. पण लेखी प्रश्न त्याला विचारता येतात आणि तोंडी प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो. तिथे पक्ष बघत नाहीत. शिवाय २०२४ ला देशभरात सात अपक्ष निवडून आलेच ना! त्यातला एक दमण-दीवचा. हे दमण-दीव १९८७ पर्यंत आपल्याच प्रदेशात होतं. एक सांगलीचा, तोही मोठ्या पक्षांच्या नाकावर टिच्चून.

आपल्याकडे तर पंचायत निवडणूक अधिकृतपणे पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. आतून कोण कोणाचं पॅनल चालवतो ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, तो भाग वेगळा. पण पंचाला आपण माणूस बघूनच मत देतो, घराण्यासकट.

अडचण मशीनवर आहे. मान्यताप्राप्त पक्ष वर, अपक्ष खाली, त्याच्याही खाली नोटा. गेल्या वेळी आईला विचारलं, कोणाला दिलंस? म्हणाली, "तुझा तो माणूस शोधत होते, चष्मा घरी राहिला होता. वरचं दाबलं." पुढच्या खेपेला उत्तर गोव्यातून कोणी बरा अपक्ष उभा राहिला, तर मी भाषण-बिषण करणार नाही. मशीनचं चित्र कागदावर काढून आईकडून चार वेळा बोट ठेवून घेणार आहे, आणि चष्मा मी स्वतः खिशात घेऊन जाणार आहे.