‘गोरे आले आणि सोन्यासारखं गाव मोडलं’: अचेबेची कादंबरी असं म्हणतच नाही

परीक्षा तोंडावर आली की इंग्रजी साहित्याच्या मुलांच्या मोबाइलवर एक तयार टिपण फिरायला लागतं. मजकूर थोडक्यात असा: ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही सुखासमाधानाने नांदणाऱ्या आफ्रिकी गावाची गोष्ट आहे. गोरे आले आणि सोन्यासारखं गाव मोडलं. नायक ओकोंक्वो हा आपल्या संस्कृतीचा रक्षक, तिच्यासाठी त्याने प्राण दिले. जे बाटले ते लोभी आणि कमकुवत. आणि लेखकाने इंग्रजीत लिहून ही कैफियत गोऱ्यांपुढे मांडली.

यंदा हीच वाक्यं मला उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी भेटली. मुलांना दोष देत नाही. वेळ कमी, पुस्तक परक्या भाषेतलं. पण ही कादंबरी मी वर्षानुवर्षं शिकवते आहे आणि हे टिपण वाचून मला वाईट वाटतं, कारण त्यात चिनुआ अचेबेने जीव ओतून उभी केलेली माणसंच पुसली जातात. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी ‘सुखी गाव’. कादंबरीची प्रकरणं पंचवीस. पहिल्या तेरा प्रकरणांत ओकोंक्वोच्या गावात, उमुओफियात, एकही गोरा पाऊल ठेवत नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त पुस्तक नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या आपापसातल्या जगण्याचं आहे. ते जगणं श्रीमंत आहे, यात शंका नाही. यामची शेती, कवड्यांत मोजलेला पैसा, पाहुण्यापुढे फोडलेलं कोला फळ, म्हणींशिवाय पुढे न सरकणारं बोलणं. (यामचं भाषांतर मुलं ‘रताळं’ करतात. तसं करू नका. आपल्याकडचं कोनफळ हा यामचाच भाऊबंद. वेल चढवायला काठ्या रोवाव्या लागतात, मेहनत फार, म्हणून तिकडे ते पुरुषाचं आणि प्रतिष्ठेचं पीक.) गावाला न्यायव्यवस्थाही आहे. दहाव्या प्रकरणात पूर्वजांचे मुखवटे चढवलेले नऊ एग्वुग्वू बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा खटला चालवतात. दोन्ही बाजू ऐकून निकाल देतात: दारूचं मडकं घेऊन सासरवाडीला जा आणि बायकोची विनवणी कर, बाईवर हात उगारण्यात मर्दुमकी नाही.

आणि याच गावात जुळी मुलं जन्मली की मडक्यात घालून रानात टाकतात. शेजारच्या गावाने खुनाच्या भरपाईत दिलेला इकेमेफुना नावाचा पोरगा तीन वर्षं ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो. मग देवाचा कौल येतो आणि त्याला जंगलात नेऊन मारतात. अचेबे यातलं काही झाकत नाही. त्याहून महत्त्वाचं, गावातल्या माणसांनाही हे खुपतं, हे तो दाखवतो. तेराव्या प्रकरणाचा शेवट मी वर्गात नेहमी मोठ्याने वाचून घेते. ओकोंक्वोच्या बंदुकीतून अपघाताने एक मुलगा मरतो, रीतीप्रमाणे त्याला सात वर्षं गाव सोडावं लागतं आणि गावकरी त्याची घरं पाडून जाळतात. त्यांत त्याचा जिवलग मित्र ओबिएरिकाही असतो. काम उरकून तो घरी येऊन बसतो आणि विचार करतो: नकळत घडलेल्या गोष्टीसाठी माणसाने एवढं का सोसायचं? मग त्याला आठवतं, आपल्या बायकोला झालेली जुळी आपणच टाकून दिली होती. त्यांनी काय गुन्हा केला होता? उत्तर त्याला सापडत नाही. तिथे पहिला भाग संपतो. हा प्रश्न कुणा पाद्र्याने शिकवलेला नाही. पाद्री अजून आलेलाच नाही. तडा आधीचा आहे, आणि तो आतल्याच एका समंजस माणसाला दिसलेला आहे.

म्हणून गोऱ्यांचा दोष कमी होतो का? अजिबात नाही. अबामे गावच्या लोकांनी सायकलवरून आलेल्या एका गोऱ्याला मारलं, त्याच्या बदल्यात भरल्या बाजारात लोक कापले गेले. या प्रसंगामागे 1905 साली अहिआरा इथे झालेल्या डॉक्टर स्ट्यूअर्टच्या हत्येचा आणि त्यानंतरच्या ब्रिटिश लष्करी मोहिमेचा खरा इतिहास आहे. गोऱ्यांची कचेरी उभी राहते तेव्हा जमिनीच्या तंट्यात दुभाष्याला आणि शिपायांना पैसे चारणाऱ्याच्या बाजूने निकाल लागतो. बोलणी करायला म्हणून सहा पुढाऱ्यांना बोलावतात आणि बेड्या घालतात. दोनशे पोती कवड्यांचा दंड, त्यात शिपाई स्वतःची पन्नास पोत्यांची भर घालतात. साम्राज्याचा जुलूम जुलूम ठरायला आधीचं गाव स्वर्ग असावं लागत नाही. माणसांचं गाव असलं तरी पुरे. त्यांना आपले प्रश्न आपल्या गतीने सोडवायचा हक्क होता, तो हिरावला गेला.

आता ओकोंक्वो. तो संस्कृतीचा रक्षक म्हणे! मग त्याने काय काय राखलं ते बघू. पेरणीआधीच्या शांतता-सप्ताहात कुणी कुणाशी कडू शब्दही बोलायचा नाही, तर हा धाकट्या बायकोला बडवतो. भूदेवी आनीचा पुजारी येऊन त्याला बकरी, कोंबडी, कापड आणि शंभर कवड्यांचा दंड सांगतो. नव्या यामच्या सणाला दुसऱ्या बायकोवर बंदूक झाडतो, नेम चुकतो म्हणून ती वाचते. इकेमेफुनाच्या वेळी गावातला सर्वांत वयस्क एझेउडू मुद्दाम घरी येऊन बजावतो: पोर तुला बाप म्हणतं, त्याच्या मरणात तुझा हात नको. तरी हा बरोबर जातो आणि पोरगं ‘बाबा, मला मारलं’ म्हणत धावत येतं तेव्हा स्वतः कोयता चालवतो. का? लोक आपल्याला नेभळट म्हणतील या भीतीने. बाप उनोका बासरी वाजवायचा, कर्ज करायचा, गावातली कुठलीच मानाची पदवी न मिळवता मेला. आपण तसे दिसू नये यातच ओकोंक्वोचं सारं आयुष्य जातं. रीतीभातींपेक्षा तो त्या भीतीचा जास्त बांधील आहे.

शेवटही बारकाईने वाचा. तो कोर्टाच्या शिपायाचं डोकं उडवतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं की गाव लढणार नाही, कारण बाकीच्या शिपायांना लोकांनी पळू दिलं. त्याने असं का केलं, असं कुणीतरी विचारतं. तो वाळूत कोयता पुसतो आणि निघून जातो. मग गळफास. इग्बो रीतीत आत्महत्या म्हणजे भूदेवीचा घोर अपराध. अशा माणसाच्या देहाला गोतावळ्यातल्या कुणी हात लावायचा नाही. म्हणून ओबिएरिकाला आपल्या मित्राचं प्रेत उतरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या माणसांना विनवावं लागतं. याला ‘संस्कृतीसाठी बलिदान’ म्हणणं म्हणजे अचेबेने जीव तोडून रंगवलेली शोकांतिका पुसून तिथे पोवाडा चिकटवणं आहे. मला ओकोंक्वोबद्दल माया वाटते, दर वर्षी वाटते. त्याला निर्दोष ठरवल्याशिवाय ती वाटत नाही, असं थोडंच आहे?

इंग्रजीचा मुद्दा लवकर संपवते. पुस्तक 1958 मध्ये लंडनच्या हाइनमनने छापलं, पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची. पण 1962 पासून ते ‘आफ्रिकन रायटर्स सीरिज’मधलं पहिलं पुस्तक म्हणून स्वस्त कागदी बांधणीत आलं आणि आफ्रिकेतल्याच शाळांत पोचलं. ‘ची’ (ज्याचा त्याचा देव), ‘ओबी’ (घरधन्याची खोली), ‘ओग्बान्जे’ (मरून पुन्हा पुन्हा जन्म घेणारं मूल) हे शब्द अचेबेने तसेच ठेवले, इंग्रजीला इग्बो चालीने चालायला लावलं. केनियाचा लेखक न्गुगी वा थिओंगो याला इंग्रजीचा हा मार्ग पटला नाही, तो आपल्या गिकुयू भाषेत लिहू लागला. तो वाद खरा आहे आणि वाचण्यासारखा आहे. टिपणात त्याचा पत्ताच नाही.

राहिलं ते बाटलेल्यांचं, आणि इथे मला सर्वांत जास्त राग येतो. ओकोंक्वोचा थोरला मुलगा न्वोये पैशाला भुलून जात नाही. त्याला ख्रिस्ती धर्मातलं त्रैक्याचं, म्हणजे एकाच देवाच्या तीन रूपांचं, तर्कशास्त्र कळतही नाही. त्याला गाणं भिडतं, अंधारात आणि भीतीत बसलेल्या भावंडांचं गाणं. कारण रानात रडणारी जुळी आणि मारलेला इकेमेफुना हे दोन प्रश्न पोरवयापासून त्याच्या मनात सलत असतात. ओसू म्हणजे देवाला वाहिलेले, केस न कापता गावाच्या एका कडेला राहणारे, ज्यांच्याशी कुणी सोयरीक करत नाही असे लोक. त्यांना प्रार्थनेला बसायला जागा मिळते. याला लोभ म्हणायचं? अचेबेचे स्वतःचे वडील ख्रिस्ती झालेले, मिशनचे शिक्षक आणि प्रचारक. त्या उंबरठ्यावर तो वाढला. मिशनऱ्यांचा उद्धटपणा त्याने स्पष्ट लिहिला आणि दार उघडून गेलेल्या माणसांचं कारणही लिहिलं.

चौदाव्या प्रकरणात ओकोंक्वो आजोळी, म्बांटाला, येऊन हताश बसलेला असतो. म्हातारा मामा उचेंदू सगळ्यांदेखत त्याला विचारतो: आपण मुलींचं नाव ‘न्नेका’ का ठेवतो, ठाऊक आहे? न्नेका म्हणजे आई सर्वश्रेष्ठ. ओकोंक्वोला उत्तर येत नाही. त्यानंतर तीनच प्रकरणांनी, त्याच म्बांटात, नव्या पंथाला पहिली बाई मिळते. ती एका सधन शेतकऱ्याची बायको, दिवस भरत आलेले. आधी चार वेळा बाळंत झाली. चारही वेळा जुळी, चारही वेळा टाकून दिलेली. सासरच्यांना ती नकोशीच झालेली असते, ती पळून गेली तेव्हा ते ‘पीडा गेली’ म्हणून मोकळे होतात. तिचं नाव न्नेका.