सीसीयूतल्या पेशंटला गुपचूप नारळपाणी पाजू नका

माझे काका हार्ट फेल्युअरने सीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या आयसीयूत आहेत. परवा मावशी त्यांच्यासाठी थर्मासमध्ये नारळपाणी घेऊन गेली. तिथल्या सिस्टरने अडवलं, तर ही तिच्यावरच चिडली. कारण मावशीच्या मोबाइलवर आलेला ‘हार्टच्या आयसीयूचं काळं सत्य’ हा फॉरवर्ड. त्यात म्हटलंय की पेशंटचं पाणी मुद्दाम तोडतात, म्हणजे तो अशक्त होऊन मुक्काम वाढतो, मेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात, सिस्टर अलार्म बंद करून बसतात, हात बांधतात. म्हणून नातेवाइकांनी ‘नैसर्गिक सलाइन’ गुपचूप पाजावं. मी स्वतः दुसऱ्या एका हॉस्पिटलात सीसीयूची सिस्टर आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पाण्याचं. हृदय जोर लावू शकत नाही तेव्हा पाणी फुप्फुसात आणि पायांत साठतं. ते काढायला लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध देतो. मग पोटात गेलेला प्रत्येक घोट, सलाइन, औषधाच्या पंपातलं पाणी एका बाजूला आणि लघवीच्या पिशवीतलं दर तासाचं माप दुसऱ्या बाजूला, असा हिशोब चार्टवर चालतो. रोज वजनही बघतो. रातोरात किलोभर वाढलं तर ते साधारण लिटरभर पाणीच असतं. आता तुम्ही पडद्याआड तीनशे मिली पाजलंत. चार्टवर ते नाही. सकाळी वजन वाढलेलं, धाप तशीच. राउंडला डॉक्टरांना वाटतं लॅसिक्स लागू पडत नाही, ते डोस वाढवतात आणि त्याचा मार किडनीला बसतो. हे ‘काळं सत्य’ कोणी तयार केलं मग?

आणि तेही नारळपाणी! एका शहाळ्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. हार्ट फेल्युअरमध्ये किडनी आधीच मंदावलेली असू शकते आणि वर स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असते. गोळी वाईट नाही. १९९९ च्या मोठ्या चाचणीत तिने गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. पण त्यानंतर कॅनडातल्या ओंटारिओत ती भराभर लिहून दिली जाऊ लागली. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा हिशोब आला: हार्ट फेल्युअरच्या वयस्क रुग्णांत पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं. मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचं. थर्मासमधलं पोटॅशियम तर कोणालाच माहीत नसतं. ते वाढलं की मॉनिटरवरच्या ईसीजीत टी-वेव्ह नावाची लाट टोकदार होते, आणि पुढे हृदय बंदही पडू शकतं.

अर्धं खरं मान्य करते, नाइलाजाने. लॅसिक्सने पोटॅशियम घटतंही, आणि तेव्हा आम्हीच ते देतो. पण रक्ताचा रिपोर्ट बघून, मोजून. घरी स्थिर असलेल्या पेशंटला पाण्याचं बंधन कितपत हवं यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. काका घरी नाहीत, सीसीयूत आहेत. तहान भयंकर असते हेही खरं. त्यासाठी ओल्या गॉजने तोंड पुसतो, ओठांना व्हॅसलीन लावतो, परवानगी असेल तर बर्फाचा तुकडा देतो. तो तुकडाही चार्टवर चढतो.

मेलेल्याला व्हेंटिलेटर? ते यंत्र हवा ढकलतं, रक्त फिरवत नाही. हृदय थांबलं की बीपी राहत नाही, अंग गार आणि ताठ होतं. मेंदूमृत्यूत हृदय चालू असतं हे वेगळं. पण अवयवदानासाठी तो जाहीर करायला १९९४ च्या कायद्याने चार डॉक्टर आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते.

अलार्म: बोटावरची क्लिप निसटली तरी तो ओरडतो. त्याचा आवाज दोन मिनिटं बंद करून आम्ही क्लिप नीट लावतो. खरा धोक्याचा ठोका आला तर शॉक द्यायला माणूसच धावतो, मॉनिटर धावत नाही.

हात बांधतो, हो. अर्धवट शुद्धीतला पेशंट घशातली नळी उपसतो म्हणून. पण बांधण्याआधी घरच्यांना नीट सांगायला हवं आणि ते बऱ्याचदा सांगितलं जात नाही, ही तक्रार रास्त आहे. बिलाबद्दल तर मी भांडणारच नाही. रोजच्या रोज मागा, न समजलेली ओळ विचारा. पाण्याचा चार्टही विचारा, कोणतीही सिस्टर समजावून सांगेल.