एटीएमचे २३ रुपये आणि दरातले अडीच टक्के

१ मे २०२५ पासून मोफत मर्यादेनंतरच्या प्रत्येक एटीएम व्यवहाराला २१ ऐवजी २३ रुपये घ्यायची मुभा बँकांना मिळाली, तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. पाठोपाठ जूनमध्ये यूपीआयवर शुल्क बसणार अशी आवई उठली आणि अर्थ मंत्रालयाला तिचा इन्कार करावा लागला. ऑगस्टमध्ये एका मोठ्या खासगी बँकेने शहरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी किमान शिल्लक ५० हजारांवर नेली. इतकी ओरड झाली की काही दिवसांतच ती १५ हजारांवर आणावी लागली.

ही ओरड योग्यच होती असं मला वाटतं. शुल्काच्या बाबतीत आपले लोक जागरूक आहेत, आणि त्यांच्या बोलण्याचा परिणाम होतो हेही दिसलं. म्हणूनच एक गोष्ट मला खटकते. परदेशातून घरी येणाऱ्या पैशातून, आणि घरून परदेशी जाणाऱ्या पैशातून, याच्या कितीतरी पट रक्कम कापली जाते, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. कारण ती कापलेली दिसतच नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. इथलं सगळं बरं आणि आपलं सगळं वाईट, असं लिहिणाऱ्यांतला मी नाही. इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले की पाच-सहा युरो सहज जातात, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. खातं चालवण्याचे दरमहा वेगळे पैसे द्यावे लागतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला अजून कार्ड घ्यायला कुरकुरतो. सोलापुरात सात रस्त्यावर चहाच्या गाड्यावर दहा रुपये फोनवरून देता येतात आणि त्यासाठी देणाऱ्याला की घेणाऱ्याला एक पैसा पडत नाही, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते पुन्हा विचारतात. देशातल्या देशात पैसे फिरवण्यात आपण यांच्या पुढे आहोत, यात शंका नाही.

पण हेच पैसे सीमा ओलांडतात तेव्हा काय होतं ते पाहा. हिशेब सोपा जावा म्हणून १ युरोला १०० रुपये बाजारभाव धरू. मी ५०० युरो पाठवतो. इथली बँक वर १५ युरो शुल्क घेते. ते पावतीवर छापलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण युरोचे रुपये करताना दर लावला जातो ९७.५०. इथे १,२५० रुपये गेले, आणि ते कुठल्याही कागदावर ‘शुल्क’ म्हणून येत नाहीत. त्यावर चलन बदलून देण्याच्या सेवेचा जीएसटी. १ लाखापर्यंतच्या रकमेवर १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. आपल्या उदाहरणात ते जेमतेम ८८ रुपये. माझ्या खिशातून गेले ५१,५०० रुपयांचे युरो, आईच्या खात्यात पोहोचले ४८,६६२. साडेपाच टक्के वाटेत. त्यातले कर म्हणून गेलेले सगळ्यांत कमी, पण गंमत अशी की पासबुकात वेगळी ओळ फक्त त्यांचीच असते.

दादाचं म्हणणं असतं, “तुला काय रे, रुपया पडला की तुझी चांदी.” रुपया घसरतो तेव्हा त्याच युरोचे रुपये जास्त होतात, हे खरं. पण आईची औषधं, गॅस, पेट्रोल हेही त्याच रुपयात महागतं. आणि दर ९० असो वा १००, मधला वाटा तसाच कापला जातो. रुपयाच्या घसरणीवर आपण तासन्‌तास बोलतो. ती जगाच्या बाजारात ठरते, तिच्यापुढे दादाचं किंवा माझं काही चालत नाही. बँकेने लावलेला दर आणि त्या दिवसाचा बाजारभाव यातला फरक मात्र माणसांनी बसून ठरवलेला असतो, आणि माणसांनी ठरवलेलं बदलता येतं.

‘परदेशात गेलेल्यांचे लाड कशाला’ हा दुसरा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात येणाऱ्या अशा पैशातला सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात येतो, केरळपेक्षाही किंचित जास्त. त्यात अमेरिकेतल्या संगणक अभियंत्यांचा पैसा असतो, तसा आखातात वेल्डिंग करणाऱ्यांचा आणि नर्सेसचाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून मुलाला शिकवलेल्या बाईचा मुलगा मस्कतला गेला असेल, तर तो लाख-लाख पाठवत नाही. पाठवतो दहा-पंधरा हजार. आखातातून भारतात पैसे पाठवणं युरोपपेक्षा स्वस्त पडतं, पण तिथेही शुल्क बहुधा ठरावीक असतं. ५० हजार पाठवणाऱ्याला ते जाणवत नाही, दहा हजार पाठवणाऱ्याला चावतं. मग तो दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवतो आणि इकडे आई किराणा उधारीवर आणते. यात लाड कुठले?

आणि हा प्रश्न फक्त बाहेर गेलेल्यांचा नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणून बाहेर पाठवणारे आमचे एक काका आहेत. चार हजार डॉलरचं बिल केलं की खात्यात ३,९७५ येतात. त्यांची बँक म्हणते, आम्ही नाही कापले. समोरच्याची बँक म्हणते, आम्ही पूर्ण पाठवले. कापलेले असतात मधल्या बँकेने, जिच्याशी काकांचा कधीच संबंध आलेला नाही. सोलापूरच्या बँकेचं परदेशातल्या प्रत्येक बँकेत खातं नसतं, म्हणून पैसा एका किंवा दोन मध्यस्थ बँकांमधून फिरतो आणि त्या आपापला वाटा काढून घेतात. बँका एकमेकींना ज्या स्विफ्ट यंत्रणेतून निरोप पाठवतात, तिच्या निरोपात हा खर्च कुणी सोसायचा ते पाठवणाऱ्याला लिहिता येतं: सगळा पाठवणाऱ्याने, सगळा घेणाऱ्याने, किंवा ज्याचा त्याने. बरेचदा ‘ज्याचा त्याने’ हेच आपोआप निवडलेलं असतं. काकांना वर खुलासा लिहून द्यावा लागतो, कारण शिपिंग बिलाची रक्कम आणि आलेली रक्कम जुळत नाही. त्या २५ डॉलरपेक्षा दरातला फरक त्यांना जास्त पडतो. मोठा निर्यातदार बँकेशी घासाघीस करून दर घेतो. चार हजार डॉलरवाल्याला बोर्डावरचा दर मिळतो.

पोरांना शिकायला बाहेर पाठवणाऱ्या घरांचंही तेच. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. जुळे सोलापुरातले ओळखीचे पालक फोन करतात ते टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच गोळा करते त्या कराबद्दल. तो ज्या रकमेनंतर लागतो ती मर्यादा २०२५ च्या अर्थसंकल्पात ७ लाखांवरून १० लाख झाली, त्यावर केवढी चर्चा झाली. अहो, तो टीसीएस विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो! पण ११,९०४ युरो घेताना दरात दोन टक्के जास्त गेले तर जवळपास २४ हजार रुपये जातात, आणि ते कुणीही परत देत नाही. मला फोन करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आधी तीन ठिकाणी दर विचारा, टीसीएसचं नंतर बघू.

बँकांना खर्च असतो, हे मी मान्य करतो. पैसा काळा नाही ना, पाठवणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत नाही ना, हे तपासायला माणसं आणि यंत्रणा लागते. परदेशी चलनात पैसा राखून ठेवावा लागतो. त्याचे पैसे घ्यावेत, उघडपणे घ्यावेत. पण ५०० युरोचा व्यवहार तपासायला जेवढे कष्ट, त्याच्या दहापट कष्ट ५,००० युरोला लागत नाहीत. टक्केवारीने दरात दडवलेला वाटा मात्र दहापट होतो. मंडईत काट्याला पासंग आहे हे कळलं तर आपण भाजी तिथेच टाकून पुढे जातो. इथे काटाच आपल्याकडे वळवलेला नसतो.

युरोपात हे कसं सुधारलं ते घरी सांगण्यासारखं आहे. पूर्वी जर्मनीतून स्पेनला पैसे पाठवतानाही असेच कापले जात. २००१ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला की युरोतला परदेशी व्यवहार आणि देशातला व्यवहार यांचं शुल्क सारखंच हवं. बँक हस्तांतरणाला तो १ जुलै २००३ पासून लागू झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पैसे पोहोचवण्याची सोय देणं बंधनकारक आहे आणि त्यासाठी साध्या हस्तांतरणापेक्षा जास्त घ्यायला मनाई आहे. अमेरिकेत २०१३ पासून असा नियम आहे की घरी पैसे पाठवणाऱ्याला आधीच दर, शुल्क आणि समोरच्याच्या हातात पडणारी रक्कम दाखवायची, आणि पैसे दिल्यावर अर्ध्या तासात व्यवहार रद्द करण्याचा हक्क द्यायचा. दोन्हीकडे बँकांना आपण होऊन उपरती झाली नाही. कायद्याने भाग पाडलं. आणि माझ्या इथल्या बँकेला स्पेनसाठी एक न्याय आणि सोलापूरसाठी दुसरा लावता येतो, कारण सोलापूरच्या बाजूने कुणी भांडलेलं नाही.

भारताचं सरकार बाहेर भांडतं. २०२४ मध्ये अबुधाबीला जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद झाली, तिथे पैसे पाठवण्याचा खर्च कमी करा अशी मागणी भारताने लावून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलंय. जागतिक बँकेच्या आकडेवारीत २०० डॉलर पाठवण्याचा जगातला सरासरी खर्च अजून ६ टक्क्यांच्या वर आहे आणि सर्वांत महाग मार्ग बँकांचाच आहे. भारतात २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, जगात सर्वाधिक. यातला एक टक्का वाचला तरी दहा-अकरा हजार कोटी रुपये घरोघरी जास्त पोहोचतील. मग जी मागणी आपण अबुधाबीत करतो ती आपल्याच बँकांकडे, आपल्याच शाखांत का करू नये?

नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की यूपीआय आणि युरोपातली टिप्स ही झटपट देयक यंत्रणा जोडण्याचं काम पुढच्या टप्प्यात गेलं आहे. सिंगापूरच्या पेनाऊ या तशाच यंत्रणेशी यूपीआय फेब्रुवारी २०२३ मध्येच जोडलं गेलं, दिवसाला १,००० सिंगापूर डॉलरपर्यंत. घरचे विचारतात, आता तर तुझा प्रश्न सुटला? मला मनापासून आनंद आहे, मध्यस्थ बँकांची साखळी त्याने तुटेल. पण दहा सेकंदांत पैसे पोहोचले म्हणून दर चांगला मिळेलच असं नाही. युरोचा रुपया कुठे, कुणी आणि कोणत्या भावाने केला, हे यंत्रणा जोडतानाच ठरवलं नाही तर तीच कापाकापी जास्त वेगाने होईल. हे बोलायची वेळ आत्ताची आहे, सगळं सुरू झाल्यावरची नाही.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. परदेशातून पैसा जमा झाला की येणाऱ्या संदेशात आणि पासबुकात तीन आकडे यावेत: आलेलं परकीय चलन, लावलेला दर, आणि त्या दिवसाचा संदर्भ दर, म्हणजे तुलनेसाठी जाहीर होणारा बाजारभाव. वाटेत कुणी कापले असतील तर त्याची ओळ वेगळी. संदर्भ दर गुपित नाही. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा तो कामकाजाच्या दिवशी दुपारी एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच २०१९ पासून चालू आहे. त्यावर छोट्या ग्राहकालाही बाजारातल्या दराने डॉलर घेता-विकता येतात आणि बँकेचं शुल्क वेगळं, आधी ठरवून घेतलेलं असतं. म्हणजे दर आणि शुल्क वेगळे दाखवता येतात. एमआयडीसीतल्या किती जणांना त्यांच्या शाखेने हे आपण होऊन सांगितलं? काकांना सांगितलं नव्हतं. आता त्यांनी अर्ज दिला आहे.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर, ज्यांच्या घरी बाहेरून पैसे येतात त्यांनी शाखेत जाऊन त्या व्यवहाराची ‘इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस’ मागावी. त्यात मूळ रक्कम आणि लावलेला दर असतो. त्या तारखेच्या संदर्भ दराशी ताडून पाहावं आणि फरक मोठा असेल तर लेखी विचारावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. पाठवणाऱ्यांनी आपल्या बाजूने एक करावं: पैसे पाठवण्याआधी ‘किती लागतील’ असं न विचारता ‘आईच्या खात्यात किती रुपये पडतील’ असं विचारावं, आणि तोच आकडा दोन-तीन ठिकाणी ताडून मगच बटण दाबावं.