मादुराच्या फुलदाणीबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेली, मादुरा या फ्रेंच कुंभारकामाच्या कर्मशाळेची पांढरी फुलदाणी ‘तडकलेली, गळकी आणि पिकासोच्या नावावर खपवलेली’ आहे, असे आपण लिहिले आहे. यांपैकी गळतीची तक्रार खरी आहे आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे. विक्रीपूर्वी प्रत्येक भांडे रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवण्याची आमची पद्धत आहे. या वेळी ती पाळली गेली नाही, आणि आपल्या टेबलावर ओला गोल डाग उमटला, याबद्दल मी दिलगीर आहे.

तडकल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. आपल्या छायाचित्रात दिसते ते झिलईतील बारीक रेषांचे जाळे आहे. भाजल्यानंतर थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा अधिक आकसली की ती ताणली जाऊन अशी चिरते, आणि कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती पुढे वर्षानुवर्षे ओलावा शोषून किंचित फुगत असल्याने त्या रेषा वाढत जातात. आपल्याकडे मडके वाजवून घेतात, तशी ही फुलदाणी बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. खरा तडा असेल तर आवाज बद्द येतो. पाठवण्याआधी हिचा खणखणीत आला होता. अर्थात याच रेषांतून पाणी मातीपर्यंत झिरपते, हे वर्णनात लिहायला हवे होते.

पिकासोविषयी सांगायचे, तर आम्ही ‘मादुरा, १९५०चे दशक’ एवढेच लिहिले होते. दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस गावची ही कर्मशाळा सुझान आणि जॉर्ज रामिए यांनी १९३८ मध्ये सुरू केली (‘मेझाँ’ म्हणजे पेढी, सुझान यांचे माहेरचे आडनाव दूली आणि सासरचे रामिए, या तिन्हींच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळवले आहे). पिकासो तेथे १९४६ मध्ये प्रथम आले. त्यांच्या मातीकामाच्या तेथे काढलेल्या प्रतींवर सहसा त्यांच्या नावाचा उल्लेख असतो; आपल्या फुलदाणीच्या बुडाशी केवळ मादुराचा शिक्का आहे, आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. सुझान रामिए यांच्या साध्या, भरदार आकारांना पिकासोच्या नावाची गरज आहे, असे मला व्यक्तिशः वाटत नाही.

फुलदाणी परत करायची असल्यास पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा टपालखर्च आम्ही देऊ. ठेवायची असल्यास आत काचेचा पेला बसवून फुले लावता येतील आणि किमतीचा चौथा हिस्सा परत करू. पाठवणार असाल, तर कृपया आठवडाभर उघड्यावर वाळू द्यावी. ओली बांधल्यास बुडाला बुरशी धरते.