नोट यंत्राने लिहावी, निदानामागचा विचार डॉक्टरनेच

पेशंट बोलत असताना डॉक्टर कुठे बघतोय, यावर तपासणीचं अर्धं यश अवलंबून असतं असं मला वाटतं. खुर्चीत बसताना पेशंट हात कुठे टेकवतो, जिना चढण्याबद्दल सांगताना मध्येच थांबून श्वास घेतो का, "झोप लागते ना?" असं विचारल्यावर आधी बायकोकडे बघतो का, हे सगळं दिसावं लागतं. ओपीडीत कॉम्प्युटर आला आणि आमची नजर स्क्रीनवर अडकली. रेकॉर्ड नीट राहू लागलं, हवं तेव्हा सापडू लागलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्यासाठी ते रेकॉर्ड, तो माणूस आमच्या कानशिलाकडे बघत बोलू लागला.

म्हणून एआय स्क्राइब, म्हणजे डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून नोटचा, म्हणजे त्या भेटीच्या वैद्यकीय नोंदीचा, मसुदा तयार करणारा सहायक, मी वापरते आणि वापरत राहणार आहे. मात्र नोटमधला एक भाग त्याच्या हाती अजिबात देऊ नये, यावरही मी ठाम आहे. त्याबद्दलच ही पोस्ट. थोडी लांब आहे.

आधी ओझं किती ते बघा. २०१६ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या ५७ डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण प्रसिद्ध झालं. पेशंटसमोर घालवलेल्या प्रत्येक १ तासामागे जवळजवळ २ तास रेकॉर्ड आणि टेबलावरच्या इतर कामात जात होते. शिवाय घरी गेल्यावर रात्रीचे १ ते २ तास वेगळे. हे वाचून एकाही डॉक्टरला आश्चर्य वाटलं नसेल. संध्याकाळी उशिरा, दिवसभराचे चेहरे एकमेकांत मिसळून गेल्यावर लिहिलेली नोट कशी असते, ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

आता हात मोकळे झाले की काय होतं? ऐकणं सुधारतं. १९८४ चा एक गाजलेला अभ्यास आहे, बेकमन आणि फ्रँकेल यांचा. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. टेबलावर कॉम्प्युटर येण्याच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे सगळा दोष स्क्रीनवर टाकता येत नाही. पण लिहायची घाई नसली की गप्प राहणं जमतं, हे मी माझ्याच ओपीडीत बघते. आणि पेशंट सर्वांत महत्त्वाचं वाक्य पहिल्या १८ सेकंदांत सहसा बोलत नाही.

डॉक्टरांच्या थकव्यावरही परिणाम दिसतो. २०२५ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये ६ आरोग्यसंस्थांमधल्या २६३ जणांचा अभ्यास आला. ३० दिवस एआय स्क्राइब वापरल्यावर बर्नआउट सांगणाऱ्यांचं प्रमाण ५१.९ टक्क्यांवरून ३८.८ टक्क्यांवर आलं. आधी आणि नंतर अशी ही तुलना होती, स्क्राइब न वापरणारा गट शेजारी ठेवलेला नव्हता. तेवढं लक्षात ठेवूनही आकडा लहान नाही.

इथवर सगळं छान. आता अडचणीचा भाग.

हा सहायक दोन टप्प्यांत काम करतो. आधी आवाजाचे शब्द होतात, मग त्या शब्दांतून दुसरं मॉडेल नोट रचतं. दोन्ही टप्प्यांच्या चुका वेगळ्या असतात. पहिल्या टप्प्यात ऐकण्याची चूक होते: 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' होतं, एका औषधाचं सारख्या उच्चाराचं दुसरं औषध होतं, वडिलांचा मधुमेह मुलाच्या नावावर जातो. या चुका लक्ष देऊन वाचणाऱ्याला बहुतेक वेळा सापडतात, कारण त्या खटकतात. दुसऱ्या टप्प्याच्या चुका खटकत नाहीत. वाक्य स्वच्छ असतं, क्रम बरोबर असतो, भाषा अगदी आमचीच असते. फक्त घडलेलं तसं नसतं.

अमेरिकेतल्या परमनंटे मेडिकल ग्रुपने ऑक्टोबर २०२३ पासून १० आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांच्या ३,०३,२६६ भेटींमध्ये असा स्क्राइब वापरला. त्यांचा अनुभव एकूण चांगला होता आणि नोटचा दर्जाही वरचा होता. तरी त्यांनी स्वतःच सापडलेल्या चुका प्रामाणिकपणे मांडल्या, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. एका भेटीत डॉक्टर प्रोस्टेटची तपासणी ठरवण्याबद्दल बोलले, तर नोटमध्ये ती तपासणी झाल्याचं आलं. दुसऱ्या भेटीत हात, पाय आणि तोंडाच्या तक्रारींचा उल्लेख झाला, तर नोटने पेशंटला चक्क 'हँड-फूट-माउथ' आजाराचं निदान देऊन टाकलं. पहिली चूक पुन्हा वाचा. न झालेली तपासणी झाली म्हणून नोंदली गेली, तर पुढचा डॉक्टर ती करणारच नाही.

आवाजाचे शब्द करणाऱ्या टप्प्यातही यंत्र कधीकधी नसलेलं बोलणं घडवतं. व्हिस्पर या प्रसिद्ध मॉडेलवर २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांत कुणीच न उच्चारलेली वाक्यं सापडली, आणि त्यातली ३८ टक्के अपायकारक ठरू शकतील अशी होती. वाचादोष असलेल्या लोकांच्या बोलण्यात हे प्रमाण जास्त होतं, कारण त्यांच्या बोलण्यात शांतता जास्त असते आणि यंत्र ती शांतता भरून काढतं. म्हणजे पक्षाघातानंतर अडखळत, शब्द शोधत बोलणारा पेशंट, ज्याचं म्हणणं सर्वांत जपून टिपायला हवं, त्याच्याच तोंडी परके शब्द जाण्याचा धोका जास्त. मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. अशा पेशंटची नोट मी स्वतः लिहिते.

पण नीट वाचून सही केली तर चुका पकडता येतील ना? पुष्कळशा येतील. माझा मुख्य आक्षेप चुकांबद्दल नाहीच.

१९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये रुग्णनोंदीची एक नवी शिस्त मांडली. आज जगभर शिकवली जाणारी 'सोप' नोट त्या विचारातून आली: पेशंटने काय सांगितलं, डॉक्टरला काय आढळलं, त्यावरून डॉक्टरला काय वाटतं, आणि पुढे काय करायचं. वीड यांचा आग्रह असा होता की नोंद वाचून डॉक्टरच्या विचाराची तपासणी करता आली पाहिजे. त्यांच्या लेखी नोंद हा वैद्यकीय कामाचाच भाग होता, काम संपल्यावर भरायचा फॉर्म नव्हे.

या चार भागांतला पहिला, पेशंटची हकीकत, यंत्र उत्तम लिहितं. अनेकदा माझ्यापेक्षा सविस्तर. चौथा, म्हणजे औषधं, चाचण्या, फॉलोअप, तेही तपासून घेतलं तर चालतं. दुसऱ्या भागासाठी मला एक सवय लावून घ्यावी लागली: तपासताना आढळलेलं मोठ्याने बोलायचं. "डाव्या फुफ्फुसात खाली थोडी घरघर आहे, पोट मऊ आहे, पायावर सूज नाही." जे बोललं नाही ते नोटमध्ये येत नाही, आणि आलं तर ते यंत्राने मनाने घातलेलं असतं. या सवयीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. आपल्या शरीरात डॉक्टरला काय सापडतंय हे पेशंटला त्याच क्षणी कळतं, आणि तो जास्त नेमके प्रश्न विचारतो.

राहिला तिसरा भाग. तो यंत्राला देऊ नये, हे माझं म्हणणं.

उदाहरण घ्या. साठीतला पुरुष, थकवा, रक्तात लोहाची कमतरता. खोलीत झालेलं संभाषण साधं असतं: "लोह कमी झालंय, गोळ्या सुरू करू, आणखी एकदोन तपासण्या करून घेऊ." स्क्राइब इमानदारीने लिहितो: लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया, गोळ्या सुरू, तपासण्या सुचवल्या. ऐकलेलं सगळं बरोबर. पण या वयाच्या पुरुषाचं लोह कमी होतं तेव्हा डॉक्टरच्या डोक्यातला पहिला प्रश्न असतो, रक्त जातंय कुठे? आतड्यातून नकळत रक्तस्राव होत असेल का, मोठ्या आतड्याचा कॅन्सर तर नाही? तपासणीचा पत्ता नसताना तो शब्द मी पेशंटसमोर टाकत नाही, त्याला रात्रभर जागं ठेवायचं नाही म्हणून. म्हणजे या भेटीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट उच्चारलीच गेलेली नाही. मायक्रोफोन ती ऐकणार कशी?

ती नोटमध्ये नसेल आणि २ महिन्यांनी पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर त्याला दिसेल एक ॲनिमिया आणि गोळ्यांनी थोडं सुधारलेलं हिमोग्लोबिन. शंका माझ्या डोक्यातच राहिली. तिसरा भाग लिहिताना मी स्वतःलाही प्रश्न विचारते: हेच का, दुसरं का नाही, कशामुळे माझं मत बदलेल? समोर तयार, नेटकं वाक्य आलं की हे प्रश्न पडेनासे होतात. थकलेला मेंदू तयार उत्तराला मान डोलावतो, कितीही हुशार असला तरी. म्हणून मसुद्यातला तो भाग मी रिकामा ठेवायला सांगते आणि त्या चार ओळी स्वतः टाइप करते, पेशंट बाहेर पडल्या पडल्या.

शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी तर मी आणखी कडक आहे. हिस्टरी घ्यायला शिकणं म्हणजे ढीगभर बोलण्यातून काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे शिकणं. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या दहा मिनिटांच्या गोष्टीतलं कुठलं वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं, ही निवड शेकडो केसपेपर लिहून, सिनिअरकडून खोडून घेऊन अंगवळणी पडते. ती निवड पहिल्या दिवसापासून यंत्राने केली, तर पुढे यंत्राची चूक ओळखणार कोण? इंटर्न आणि रेसिडेंट यांनी आधी स्वतः लिहावं, मग स्क्राइबच्या नोटशी ताडून बघावं. तसा वापर झाला तर तोच स्क्राइब शिकवायलाही उपयोगी पडेल.

संमतीबद्दल थोडक्यात, कारण इथे वादाला जागा नाही. आधी विचारायचं, साध्या शब्दांत, आणि 'नको' म्हटलं तर चेहऱ्यावर नाराजी न आणता बंद करायचं. एखादी बाई सोबतच्या नातेवाइकाला बाहेर थांबायला सांगते, तेव्हा मी तिने काही सांगण्याआधीच रेकॉर्डिंग थांबवते. कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आवाज कुठे साठतो, कधी पुसला जातो, आणि मॉडेल शिकवायला वापरला जातो का. उत्तर गुळमुळीत आलं तर ते उपकरण घेऊ नये.

आणि वाचलेल्या वेळाचं काय करायचं? ज्या क्षणी व्यवस्थापनाला कळेल की प्रत्येक पेशंटमागे काही मिनिटं वाचतात, त्या क्षणी यादीत आणखी नावं घालायचा मोह होईल. तसं झालं तर डॉक्टरचा थकवा पूर्वीइतकाच राहील आणि नोट वाचून सही करायलाही वेळ उरणार नाही. तपासायला वेळ नसलेल्या डॉक्टरच्या हातात हे साधन धोकादायक आहे, हे आपण आत्ताच, मोठ्याने सांगायला हवं. ती मिनिटं समोर बसलेल्या माणसाची आहेत.

शेवटी पेशंटना एक विनंती. तुमची नोट मागा आणि वाचा. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, स्वतःच्या नोट्स वाचलेल्या २२,८८९ पेशंटपैकी २१ टक्क्यांनी त्यात चूक असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या ४२ टक्क्यांना ती गंभीर वाटली. त्या नोट्स एआय स्क्राइबचं पेव फुटण्याआधीच्या, म्हणजे आमच्या माणसांच्याच लेखणीतल्या. कुठलं औषध, किती डोस, कुठल्या बाजूचा गुडघा, कुणाला कसली ॲलर्जी, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला पक्कं माहीत नसतं. चुकलेलं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. आणि नोटमध्ये "तपासणी केली" असं लिहिलंय पण तुम्हाला कुणी हात लावल्याचं आठवत नसेल, तर तेही बिनधास्त विचारा.