वेटिंग २० मिनिट

दाजींनी काल गाडीवाल्याची पावती माझ्यापुढे सरकवली. तोवर रात्रभर झोप उडालेलीच होती, त्यात ही भर.

भाचीची पाठवणी. वडगावातलं कार्यालय, अंगात नवा जोधपुरी. मी रडलो. जरा जोरातच. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या मोबाईल धरून म्हणाला, "काका, टोटल मॉडलिन!" मला ऐकू आलं मॉडेलिंग. रडता रडता कोट नीट केला.

नवरीच्या गाडीचा ड्रायव्हर दाराला टेकून बघत होता.

"रडून झालं काय मामा? निपाणी गाठायची हाय."

"एवढी कसली घाई गा?"

"घाई नाय की. खानापूरकडचे मामा एकदाच गळ्यात पडत्यात, धा मिन्टात मोकळे. तुम्ही सोडून परत येऊन धरायलाय." मग हळूच, "ते पोरगं इंग्लिशमधी काय म्हणालं?"

"मॉडेलिंग करा म्हणतोय."

त्यानं मला चपलेपासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. "कशाची? गुडघ्याच्या तेलाची?"

रात्री लेकीनं खरा शब्द सांगितला. मॉडलिन म्हणजे भावबंबाळ, रडवेला. येशूची शिष्या मेरी मॅग्डालेन जुन्या चित्रांत रडताना दिसते. इंग्रजांच्या तोंडात तिचं नाव झिजून हा शब्द झाला. ऑक्सफर्डात तिच्या नावाचं कॉलेज आहे. लिहितात मॅग्डालेन, म्हणतात मॉडलिन. बेळगावकराला त्याचं काय अप्रूप! २०१४ पासून आमच्याही पाटीवर बेळगावी, तोंडात बेळगावच. झोंबलं ते पुढचं: दारू पिऊन रडणाऱ्याला हा शब्द खास लावतात. मी मठ्ठा प्यायलो होतो. तोही एकच पेला, वाढपी परत फिरकलाच नाही.

पोरीला पहिलीपासून सायकलवर शाळेत मी सोडलं, आणि तिच्यासाठी किती रडायचं ते पुण्याचा पोरगा ठरवणार? मामा रडला नाही तर चार बायका विचारतात, "काय वाकडं आलंय काय?" रडला तर मॉडलिन.

तर ती पावती. निपाणी जाऊन-येऊन, टोल, आणि शेवटी पेनानं: 'वेटिंग २० मिनिट, मामा. २०० रु.'

"हे तुझंच हाय बघ," दाजी म्हणाले.

घासाघीस करायला फोन लावला.

"मामा, अर्धा तास झालता," गाडीवाला म्हणाला. "धा मिन्टं पोरीकडं बघून सोडलो."